खाल्लेलं कुणाच्या अंगी लागतं?

आमच्याकडं हाडकुळ्या माणसाला 'पाप्याचं पितर' म्हणतात. सोळाव्या वर्षापर्यंत मी हे नाव इतक्या तोंडांनी ऐकलं होतं, की ते आपल्याला लावलेलं आहे याचं काही वाटेनासं झालं होतं. उंची साडेपाच फुटांच्या वर आणि वजन ४३ किलो. लग्नाच्या पंगतीत वाढपी हमखास म्हणायचा, "वाढा रे याला, वारं सुटलं तर जाईल उडून." आणि मी खायचोही. चार भाकरी सहज. पण आज्जीच्या भाषेत सांगायचं तर, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड. विहिरीला पाणी असलं तर संक्रांतीपर्यंत, नंतर हंडा घेऊन शिवार हिंडायचं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. गाडीत भांडी, गोधड्या, पिठाचं गाठोडं, पाठीमागं बांधलेली शेळी. गावात उरायची म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, असा तिकडचा हिशेब. माणसं मोजायची ती हत्यारावरून.

१९८६ च्या दसऱ्याआधी मुकादम उचल द्यायला घरी आला. मी अकरावीत होतो. आबांच्या मनात होतं, पोरगं घेऊन जावं, अर्धा कोयता वाढंल, डोक्यावरचं कर्ज फिटंल. मुकादमानं मला उभं केलं. बाजारात बैलाचा खांदा दाबून बघतात तसा माझा दंड दाबून बघितला आणि आबांना म्हणाला, "हे पाचट उचलंल. मोळी न्हाई उचलायचं." मोळी म्हणजे बांधलेल्या उसाचा भारा; तो डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं असतं. बैठक तिथंच मोडली. मायला आनंद झाला, कारण तिला मी शिकायला हवा होतो. आबा गप्प होते. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. नको त्या कामाला आपण नालायक ठरलो, तरी नालायक ठरल्याचं दुःख होतंच.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो.

तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची पत्र्याची खोली. आत लाल मातीचा हौद. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली. वास असा, की अजून कुठं पहिल्या पावसाचा वास आला तर मला तालीमच आठवते. वस्ताद साठीचे होते. त्यांनी मला वरून खाली बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ये उद्यापासून."

मला घाई होती. जोर आणि बैठका मोजून कुणाचं शरीर झालं नाही, हे तेव्हा कळत नव्हतं. मी पहाटे उठून उपाशीपोटी तीनशे बैठका मारायचो, संध्याकाळी परत तेवढ्याच. दोन महिन्यांनी सोसायटीच्या गोदामात धान्य मोजायच्या काट्यावर उभा राहिलो, तर वजन ४२. एक किलो गेलं होतं. वस्तादांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"पोरा, तू शरीर कमवायला आलास का उडवायला? घरात पीठ नसताना जातं फिरवलं तर दगडच झिजणार ना?"

त्या दिवशी त्यांनी जे शिकवलं ते पुढं मी पुस्तकांत वाचलं, पण त्यांच्याइतकं सोपं कुठं सापडलं नाही. मेहनतीनं अंग वाढत नाही. मेहनतीनं अंग मोडतं. ते भरून येतं जेवल्यावर आणि झोपल्यावर. तेव्हा मेहनत कमी पण वाढत जाणारी: आज जेवढा भार उचलला त्याच्यापेक्षा पंधरा दिवसांनी थोडा जास्त. एक दिवस मेहनत, एक दिवस आराम. दिवसातून दोनदा जेवणारानं चारदा खायचं, पण पोट फुगेपर्यंत एकदाही नाही. रात्री आठ तास झोप. आणि महिन्याला एक किलो वाढलं तर देवाचे आभार मानायचे. त्याहून जास्त वाढलं तर ते मांस नव्हे, मेद.

"आन् आणखी एक," ते म्हणाले. "बाभळीला वडाचा घेर येत न्हाई. पण औताला लाकूड बाभळीचंच लागतं. तू बाभळ हाईस. वड व्हायला जाऊ नको."

खुराक ठरला. सकाळी भिजवलेले हरभरे आणि गूळ. दुपारी शाळेतून आल्यावर मूठभर शेंगदाणे. दोन वेळचं मिळून एक लिटर दूध. अंडी वस्तादांच्या घरी खायची, कारण आज्जीच्या गळ्यात माळ होती आणि आमच्या चुलीवर अंडं चढत नव्हतं.

दूध कुठून? घरात एक गाय होती. दोन वेळचं मिळून चार लिटर द्यायची. तीन लिटर डेअरीला जायचं, त्यावर मीठ-मिरची, वह्या-पुस्तकं चालायची. उरलेल्या एका लिटरात आज्जीचा, धाकट्या बहिणीचा आणि माझा चहा, थोडं दही, थोडं ताक. ते लिटर आता माझं झालं. कुणी ठरवलं नाही. आज्जीनं एका सकाळी ते तांब्यात ओतून माझ्यापुढं ठेवलं, आणि दोघींनी कोरा चहा प्यायला सुरुवात केली. शेंगदाण्याचं तसंच. रानातलं एक पोतं होतं. त्याचं कूट कालवणात पडायचं. ते पडायचं कमी झालं. कालवण पातळ झालं आणि माझी मूठ भरली.

धाकटी चौदा वर्षांची होती. मी तालमीत असताना ती पाणी आणायची, गाईचं शेण काढायची, सरपण आणायची, मग शाळेत जायची.

आठ महिन्यांत मी ४२ चा ४९ झालो. हे आकडे वाचणाऱ्याला किरकोळ वाटतील. मला नाही वाटले. सदऱ्याची बाही दंडाला लागायला लागली. लोकांनी पितर म्हणायचं सोडलं. चैत्रात जत्रा भरली. माय-आबा ऊसतोडीहून परत आले होते. फडावर नारळाच्या, रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या, मग रुपयांच्या सुरू झाल्या. वस्तादांनी माझी जोड ५१ रुपयांना लावली. समोरचा पोरगा शेजारच्या गावचा, माझ्याहून भरीव. मी त्याला चार मिनिटांत चितपट केला. हलगी वाजली, आबांनी फेटा उडवला. शरीर कमावणं या शब्दातला 'कमावणं' मला त्या दिवशी खरा वाटला. हे मी कमावलंय. माझ्या घामाचं आहे.

मिरवत घरी आलो, तर दारात बाया जमलेल्या. धाकटी हापशावर चक्कर येऊन पडली होती. हंड्याच्या काठानं भुवई फुटली होती.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी तिला तालुक्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा. त्या वयाच्या पोरीला बाराच्या आसपास तरी पाहिजे. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. मग आबांना म्हणाले, "हिला खायला घाला. भिजवलेले हरभरे, गूळ, शेंगदाणे, पालेभाजी. जमलं तर अंडी, दूध. आणि जेवणावर कोरा चहा देऊ नका; त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही."

मी भिंतीला टेकून उभा होतो. डॉक्टर बोलत होते ती यादी मला पाठ होती. तोच खुराक होता. वस्तादांनी माझ्यासाठी सांगितलेला.

इथं मला एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, नाहीतर कथा फार सोयीची होईल. धाकटीचं रक्त एकट्या माझ्यामुळं कमी झालं नव्हतं. वयात आलेल्या पोरींचं आमच्याकडं असंच असतं. महिन्याचं जाणं, पोटात जंत, अनवाणी हिंडणं, कष्ट, सगळं मिळून. मी तालमीत गेलो नसतो तरी ती कदाचित पडली असती. पण मी गेलो होतो. आणि माझ्या अंगावर चढलेले सात किलो तिनं रोज बघितले होते, तिचं उतरलेलं तोंड मी एकदाही बघितलं नव्हतं. प्रश्न रक्ताचा नव्हता, बघण्याचा होता.

पुढं मी खाशाबा जाधवांविषयी वाचलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. गट होता ५७ किलोचा. हे मला फार भावलं. अंगानं लहान माणूस जगात तिसरा येतो. आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तेही ५७ किलोतच. म्हणजे मोठा मल्ल व्हायला मोठं धूड लागतं हा आमचा गावठी समज. जत्रेच्या फडावर जोड डोळ्यानं लावतात म्हणून तो टिकला. वजनाचे गट पाडणाऱ्यांनी बारीक माणसाला त्याची न्याय्य जागा दिली. वस्तादांची बाभळ ती हीच.

पण खाशाबांच्या गोष्टीतलं दुसरं एक वाक्य माझ्या मनात जास्त रुतलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी केली. ते शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या केल्या, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

मी यावर फार विचार केलाय. त्या प्राचार्यांना आपण काय देतोय हे माहीत होतं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. त्यांनी मोजून दिलं म्हणून मोजून परत करता आलं. हे उसनं. दुसरं असतं ते दान: देणारा परत मागत नाही, पण देतोय हे त्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. तिसरी चोरी: तिथं घेणाऱ्याला माहीत असतं. मग माझ्या दंडातलं ते एक लिटर दूध यातल्या कुठल्या खात्यावर लिहायचं?

बरीच वर्षं मी ते चोरीच्या खात्यावर लिहून हळहळत होतो. हळहळण्यातही एक सुख असतं; माणूस स्वतःला चांगला समजतो. एका दिवाळीत धाकटी माहेरी आली होती, तिला दोन लेकरं झाली होती, तेव्हा मी विषय काढला. म्हणालो, "तुझ्या वाट्याचं मी खाल्लं गं." ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तू कुठं मागितलं व्हतं? आन् मी तरी कुठं दिलं? ताटच तसं वाढलं जायचं, दादा."

ती रागानं बोलली नव्हती. पण माझी तिन्ही खाती तिनं एका वाक्यात पुसून टाकली. मागणारा नाही, देणारा नाही, चोर नाही. आज्जीला दोष द्यावा, तर ती स्वतः सगळ्यांच्या नंतर, तव्यातलं खरवडून जेवायची. आबांना द्यावा, तर ते शे-दीडशे कोस लांब उसाच्या फडात. मायला द्यावा, तर ती पहाटे तीनला उठून भाकरी थापून कोयता घेऊन निघत होती. कुणीही वाईट नाही आणि पोरगी मात्र हापशावर पडलेली.

'पाप्याचं पितर' या शब्दाचा अर्थ मला त्यानंतर उमगला. पितर उपाशी का? कारण त्याच्या वंशात पापी निपजला, त्यानं घास ठेवला नाही. म्हणजे ही म्हण हडकलेल्याला नव्हेच. त्याला विसरून जेवणाऱ्याला आहे. मी सोळा वर्षं ती चुकीच्या जागी बसून ऐकत होतो.

मग कर्तव्य कुणाचं? मला वाटतं, जिथं देणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते, तिथं ती जबाबदारी खाणाऱ्यावर येते. वाढणारीचा हात सवयीनं चालतो. जिच्या ताटात कमी पडतं ती बोलत नाही, तिला तसं शिकवलेलंच नसतं. त्या साखळीत मोकळा माणूस एकच: ज्याच्यापुढं भरलेलं ताट आहे तो. त्यानं मान वर करून बाकीच्या ताटांकडं बघायचं, एवढंच काम. अवघड नाही. पण भूक आणि हौस दोन्ही असली, की मान वर होत नाही.

हे नुसतं घरापुरतं नाही. २०१९ साली आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं, ते ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळं. काम बुडू नये, खाडा पडू नये म्हणून ऐन तारुण्यात पिशव्या काढलेल्या बाया. सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. त्या बातम्या वाचताना मला मुकादमाचा हात आठवला, माझा दंड दाबणारा. एकाचं शरीर कामासाठी भरायचं, दुसरीचं कामासाठीच कापायचं. आणि साखर गोड लागते ती सगळ्यांनाच.

पण म्हणून शरीर कमावणं हेच पाप, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं, विशेषतः आता माझं पोट सुटल्यावर. हडकुळ्या पोराला आपल्या अंगात बळ यावं वाटणं यात गैर काही नाही. बळ आलं की माणूस ताठ चालतो, कमी आजारी पडतो, म्हातारपणी हाडं धरून राहतात.

परवा धाकटीचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो म्हणून भेटायला गेलो. भरतीला पोराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५ लागते. याची ७६ वर अडकलेली. अंगकाठी मामावर गेलेली. म्हणाला, "मामा, पावडरीचा डबा घ्यायचाय. साडेतीन हजाराचा. आई न्हाई म्हणती, तुम्ही सांगा."

मी आधी त्याला विचारलं, वजन उतरतंय का, खोकला, संध्याकाळचा ताप? कारण बारीक असणं वेगळं आणि बारीक होत जाणं वेगळं. दुसऱ्यात क्षय, थायरॉईड, साखर, जंत काहीही निघू शकतं. तसं काही नव्हतं. तरी म्हटलं, एकदा तपासून घे. मग कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. वजन ५० किलो. मेहनत करणाऱ्याला किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनं धरली तर रोजची ८० ग्रॅम झाली. ज्वारीचं ३०० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन-चार भाकरी, त्यात ३०. अर्धा लिटर दूध, १६. दोन अंडी, १२. पन्नास ग्रॅम हरभरे, १०. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, १२ च्या वर. झाले ८०, आणि कालवणातली डाळ अजून धरलीच नाही. "यात डबा कुठं बसतो, दाखव. आणि कुणी सुई टोचून घे म्हणालं तर त्या जिमच्या पायरीवर परत चढू नको."

तो खूश झाला. मग मी विचारलं, "तुझ्या बहिणीच्या ताटात काय असतं?"

तिच्या शेजारीच तर तो रोज जेवायला बसतो. तीही भरतीची तयारी करते, पहाटे त्याच्याबरोबर पळते. त्यानं जरा आठवून बघितलं आणि खरं ते सांगितलं. "बघितलं न्हाई कधी."

"आता बघ. कागदावरचं सगळं दोघांसाठी आणायचं. दोघांना पुरत नसलं तर निम्मं-निम्मं. छाती दोन महिने उशिरा भरली तरी चालंल."

रात्री जेवायला बसलो. धाकटीच्या घरी माळेचं बंधन नाही. अंडी उकडली होती. पोरीच्या ताटात पडलं तसं तिनं सवयीनं उचलून भावाच्या ताटात टाकलं. तो थबकला. माझ्याकडं बघितलं, आणि परत तिच्या ताटात ठेवलं. ती म्हणाली, "खा की." तो म्हणाला, "तू खा." असं दोनदा झालं. शेवटी धाकटी चुलीपासून ओरडली, "खावा रे कुणीतरी, गार व्हायलंय."

मी हसलो, आणि तेवढ्यात मान वर झाली म्हणून दिसलं. अंडी चार होती. पोराला, पोरीला, भावजींना आणि मला. धाकटीच्या ताटात आमटी-भाकर.

मी माझं उचलून तिच्या ताटात ठेवलं.

"मला न्हाई आवडत," ती म्हणाली.

"खाऊन बघितलंस कधी?"

ती काही बोलली नाही. मीठ लावून तिनं निम्मं खाल्लं. निम्मं परत माझ्या ताटात ठेवलं.